जुलै जेवून उठला

मला हिशेब येत नाही असं कोणी म्हणालं की मी त्याला माझ्या शिलाई मशीनसमोर बसवते. घे म्हणते, हे ऐंशी सेंटिमीटर कापड, छाती अडतीस, बाह्या कोपरापर्यंत, मागे बांधायला नाड्या; काढून दाखव यातून ब्लाऊज. लालबागला आमच्या चाळीतल्या खोलीत तीस वर्षं मी हेच करते आहे आणि कापड पुरत नाही म्हणून कुठल्या बाईला परत पाठवलेलं नाही. पण नव्वद दिवस! त्या नव्वद दिवसांनी मला असं काही नाचवलं की आता नुसतं आठवलं तरी हसू आवरत नाही. तेव्हा मात्र रडकुंडीला आले होते, खोटं कशाला बोलू.

माझी एकुलती एक मुलगी नवऱ्याबरोबर जर्मनीत असते. गेल्या वर्षी जूनमध्ये तिचा फोन आला की दिवस गेलेत आणि साधं पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. माझा वर्षभराचा टुरिस्ट व्हिसा नुकताच हातात आला होता, कितीही वेळा जा-ये करा असा. एक जुलैला मी तिथे उतरले. तिला पेज भरवली, कोकमाचं सार पाजलं, ती जरा माणसांत आली, आणि वीस ऑगस्टला मी परत निघाले. निघणं भागच होतं. घरचा गणपती तोंडावर आलेला आणि अर्ध्या लालबागचे ब्लाऊज माझ्याकडे अडकलेले. निघताना लेकीला म्हटलं, बाळंतपणाला येते, चांगली तीन महिने राहते, बाळाला न्हाऊमाखू घालते, तू काळजी करू नकोस. व्हिसावर नव्वद दिवस असं स्वच्छ छापलेलं होतं. मी आपली समजून चालले की जाल तेव्हा नव्वद.

नोव्हेंबरात आम्ही दोघं दादरला तिकीट काढायला गेलो. तिकीटवाल्याने पासपोर्ट उघडला, शिक्के बघितले आणि मान हलवली.

"काकी, दर खेपेला नव्वद नाही मिळत. कुठल्याही एकशेऐंशी दिवसांत सगळे मिळून नव्वद. तुमचे पन्नास आधीच झालेत."

"पन्नास नाही, एक्कावन्न," आमचे हे ताडकन म्हणाले.

"पन्नासच होतात काका. एक जुलै ते वीस ऑगस्ट."

"पाच दिवसांचा गणपती कसा मोजतोस रे तू?" यांनी विचारलं. "आणला तो दिवस धरतोस ना? विसर्जनाचा धरतोस ना? मग हिलाच काय वेगळा न्याय?"

तिकीटवाल्याने कॉम्प्युटरवर काहीतरी शोधलं आणि पन्नास खोडून एक्कावन्न लिहिले. नियम खरंच तसाच होता. पोचल्याचा दिवस धरतात आणि निघाल्याचाही धरतात. आमचे हे असे फुलले की जसा काही नियम यांनीच लिहून दिला होता. मी म्हटलं, अहो, माझा एक दिवस कमी करून वर मिशा कसल्या पिळताय? पण विजयाच्या भरात त्यांना काही ऐकू आलं नाही.

यांच्याबद्दल सांगायला हवं. परळच्या एका हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर नोकरी करून हे रिटायर झाले, पण यांची खरी नोकरी चाळीच्या मंडळाची. गणपती असो, सत्यनारायण असो, दारावर उभं राहून माणसं आत सोडायची ती यांनीच. हातात पुठ्ठा. पुठ्ठ्यावर चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, की झाला एक गठ्ठा. सकाळपासून किती डोकी आत गेली ते कधीही विचारा, चुटकीसरशी सांगणार. अशाच एका पुठ्ठ्यावर त्यांनी माझे दिवस मांडले. दहा गठ्ठे आणि वर एक रेघ. नव्वदातून एक्कावन्न गेले, उरले एकोणचाळीस. पुठ्ठा देवाजवळ टेकवून ठेवला आणि म्हणाले, "संपला विषय."

लेकीला डॉक्टरांनी अठ्ठावीस जानेवारी तारीख दिली होती. एकोणचाळीस दिवसांत आधीची काळजी बसवायची, बाळंतपण बसवायचं आणि नंतरचा सव्वा महिनाही बसवायचा. बसेल कसा? ऐंशी सेंटिमीटरात ब्लाऊज बसतो, नऊवारी साडी बसत नाही. शेवटी यांनी फर्मान काढलं की पंचवीस जानेवारीला पोचायचं आणि चार मार्चला निघायचं. तसंच तिकीट निघालं. पण मी रोज उठून कॅलेंडर चाळत होते. पहिलटकरीण ती! बाळ थोडं आधी आलं तर मी इथे लोकांचे गळे कापत बसणार, आणि उशिरा आलं तर चार आंघोळी घालून पळणार.

त्यातच एका संध्याकाळी लेकीचा फोन.

"आई, तू जरा आधी येशील का गं? दहा जानेवारीला वगैरे?"

"का गं? बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतंय. पण मला भीती वाटते."

माझी ही मुलगी कशालाही भीती वाटते म्हणणारी नाही. घरातून एकटी परदेशात गेली तेव्हा मी रडत होते आणि ती माझ्या पाठीवर हात फिरवत होती. मी म्हटलं, बघते हं, तिकिटाचं बघतेय. खरं काय ते सांगितलंच नाही. तिचं ब्लडप्रेशर वाढलं होतं आणि डॉक्टरांनी टेन्शन घ्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. त्यामुळे जावयालाही बोलले नाही, त्याच्या पोटात काही राहत नाही. फोन ठेवला आणि गॅलरीत वाळत घातलेल्या टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडले. इतकी असहाय मी आयुष्यात कधी झाले नव्हते. लेक बोलावतेय आणि आई दिवस मोजत बसलीये!

रडताना शेजारच्या वहिनींनी बघितलं, म्हणजे चाळीने बघितलं. दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू. वहिनी म्हणाल्या, "सोप्पं आहे, नव्वद भरले की दोन दिवस लंडनला जाऊन यायचं, मीटर परत झिरो." मी म्हटलं, लंडनला काय माझी मावशी राहते? आणि मीटर झिरो होत नाही हो, देश सोडला म्हणून आधीचे दिवस पुसले जात नाहीत, एवढं मला तोवर कळलं होतं. कोणी म्हणालं, चार दिवस जास्त राहिलं तर कोण बघतंय. त्यावर मात्र आमचे हे भडकले. हे जन्मात बिनतिकीट बसमध्ये चढलेले नाहीत. आणि नंतर व्हिसाच मिळाला नाही तर नातवंडाचं तोंड फोनवर बघायचं का? कोणी सांगितलं की सरकारी साइटवर दिवस मोजायचं यंत्र आहे. मी चष्मा लावून तारखा भरल्या. कुठली तारीख कुठल्या चौकोनात गेली देव जाणे, सगळं लालेलाल झालं आणि इंग्रजीत काहीतरी खडसावलं. मी घाबरून फोन पालथा ठेवला.

मग आली दत्तजयंती.

आमच्या चाळीच्या मागे मंडळाचा हॉल आहे. दत्तजयंतीला तिथे महाप्रसाद असतो. एका वेळी साठ पानं बसतात, त्याहून एक जास्त नाही. पुढच्या दाराने यायचं, मागच्या दाराने हात धुवून जायचं. सगळ्यांनी एकदम बसायचं, एकदम उठायचं अशी पंगत आम्ही बंद केली, कारण म्हाताऱ्यांना ताटकळावं लागतं. ज्याचं झालं तो उठतो, त्याच्या जागी आम्ही लगेच नवं पान मांडतो आणि बाहेरचा एक आत येतो. पुढच्या दारावर अर्थातच आमचे हे, हातात पुठ्ठा. मी आत मसालेभात वाढत होते.

दुपारी एकच्या सुमाराला मंडळाचे सेक्रेटरी घामाघूम होऊन दारावर आले. यांच्या पुठ्ठ्यावर नजर टाकली आणि ओरडले, "अहो, दीडशे सोडलेत तुम्ही आत! साठांचा हॉल आहे! बंद करा दार!"

यांना कोणी हिशेब शिकवलेला चालत नाही. तेही ओरडले, इतके जोरात की मला आत ऐकू आलं. "दीडशे आत सोडले म्हणजे दीडशे आत आहेत काय? नव्वद जेवून उठले की! सकाळपासून किती आले ते मोजू नका, आत्ता आत किती आहेत ते बघा!"

मी वाकून बघितलं तर हे दारात पुतळ्यासारखे उभे. तोंड उघडं. पुठ्ठ्याकडे बघतायत. दुसऱ्या क्षणी पुठ्ठा सेक्रेटरींच्या हातात कोंबला आणि चपला न काढता थेट पंगतीत शिरले. आमचे हे मूळचे मालवणकडचे. घरी आम्ही मुंबईची मराठी बोलतो, पण यांचा आनंद आणि यांचा राग मालवणीतच बाहेर पडतो.

"अगो! जुलै जेवन उठलो!"

अर्ध्या पंगतीचा घास हातात राहिला. वहिनी पुऱ्यांचं पातेलं टेकवून म्हणाल्या, "उपासाने चक्कर आली वाटतं यांना."

"अहो, कोण उठला?" मी म्हटलं.

"जुलै! तुझो जुलै!" मग माझा चेहरा बघून जरा भानावर आले. "अगं, ऐक. ते लोक दर दिवशी मागचे एकशेऐंशी दिवस बघणार. तेवढाच त्यांचा हॉल. त्याच्या आधीचं जे काही असेल ते जेवून उठलं, हात धुतले, घरी गेलं. मी इतके दिवस दारावरच्या रेघा मोजतोय, आणि त्यांना हवी आहेत आतली पानं! तू जानेवारीत पोचशील तोवर जुलैचे बरेच दिवस उठलेले असणार. आणि पुढे तू तिथे एक दिवस राहिलीस की त्याच दिवशी मागच्या दाराने तुझा जुना एक बाहेर. एक आत, एक बाहेर. आतली पानं वाढणारच नाहीत गो!"

मला कळलं. मी डावभर मसालेभात वाढत होते तो वाढतच राहिले. समोरचे आजोबा पानावर आडवे हात धरून "पुरे, पुरे" म्हणत होते आणि त्यांच्या पानात डोंगर झाला होता. मग मी डाव तिथेच ठेवला आणि घरी पळाले. हे माझ्या मागे. मंडळाच्या इतिहासात यांनी दार सोडल्याची ही पहिलीच वेळ.

यांचा पुठ्ठा आता कामाचा नव्हता. आता माझं शास्त्र हवं होतं. मी पांढऱ्या अस्तराची तीन मीटरची पट्टी फाडली. एका सेंटिमीटरला एक दिवस. खडूने एक जुलैपासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचे दिवस आखले, महिन्यांची नावं लिहिली आणि मी राहिलेले एक्कावन्न दिवस लाल खडूने रंगवले. आमची खोली ती केवढी! कॉट, कपाट, मशीन यांच्यामधून पट्टी नेली तर फेब्रुवारी उंबऱ्यावर आला आणि मार्च-एप्रिल गॅलरीत. वहिनी पाठोपाठ आल्याच होत्या. त्या गॅलरीत मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "एप्रिल मी धरते."

माप घ्यायचा टेप दीडशे सेंटिमीटरचा असतो. दोन टेप जोडले, एकशेऐंशीवर टाचणी मारली, आणि त्याचं पुढचं टोक दहा जानेवारीवर ठेवलं. लेकीने मागितलेली तीच तारीख. मागचं टोक कुठे आलं? पंधरा जुलैवर! पहिले चौदा लाल दिवस टेपच्या बाहेर, कॉटखाली. आत उरले सदतीस, आणि पोचल्याचा दहा जानेवारी धरून अडतीस. मग मी टेप एक सेंटिमीटर पुढे सरकवला. जानेवारीचा एक आत, जुलैचा एक बाहेर. पुन्हा सरकवला. पुन्हा एक आत, एक बाहेर. हे मोठ्याने मोजत होते, "अडतीस... अडतीस... अडतीस..." आकडा हलेनाच! मी गुडघ्यांवर पुढे पुढे सरकतेय, हे मागून सरकतायत, आणि मजल्यावरचे लोक आमच्या मार्चवरून ढांगा टाकत संडासला जातायत. "अहो, पाय जपून, ते दिवस आहेत!" वहिनी त्यांच्यावर ओरडत होत्या.

सोळा फेब्रुवारीला मागचं टोक एकवीस ऑगस्टवर पोचलं. एकही जुना लाल दिवस आत उरला नाही. अख्खा हॉल माझा! तिथून पुढे दिवस वाढत गेले ते फक्त नव्या खेपेचे, आणि नव्वद भरले ते थेट वहिनींच्या मांडीवर, नऊ एप्रिलला. एकोणचाळीस नाही. नव्वद! पुरते नव्वद! मला इतकं हसू फुटलं की मी जमिनीवर आडवीच झाले. हसताना रडत होते. यांनी चाळीदेखत माझे दोन्ही हात धरून मला उठवलं, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच, आणि वहिनींनी जोरात शिट्टी मारली. त्यांना शिट्टी येते हे मला त्या दिवशी कळलं.

तरी खात्री हवी म्हणून यांनी जावयाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्याने तारखा सरकारी यंत्रात घातल्या आणि पाच मिनिटांत फोटो पाठवला. दहा जानेवारी ते नऊ एप्रिल, चालेल. खाली लिहिलं होतं, "आई, तुम्ही हे टेपने काढलंत?" मी लिहिलं, हो, आणि तुमच्या छातीचं मापही माझ्याकडे आहे, जाकीट शिवून आणतेय. तिकीट बदललं. लेकीला सांगितलं तर ती फोनवर किंचाळली, मग मी किंचाळले. ब्लडप्रेशरचं काय ते नंतर बघू म्हटलं.

दहा जानेवारीला तिथल्या विमानतळावर उतरले तेव्हा पासपोर्टच्या खिडकीत एक उंचापुरा गंभीर माणूस होता. त्याने जुने शिक्के बघितले, मग मला बघितलं आणि किती दिवस राहणार म्हणून विचारलं. मी महिनाभर पाठ केलेलं इंग्रजी वाक्य त्या क्षणी साफ विसरले. मग काय करणार? पर्समधून अस्तराची गुंडाळी काढली आणि त्याच्यासमोर उलगडायला लागले. जुलै झाला, ऑगस्ट झाला, सप्टेंबर खिडकीच्या कडेवरून खाली लोंबायला लागला. मागच्या रांगेतले लोक माना उंचावून बघतायत. ऑक्टोबरपर्यंत आल्यावर त्याने हात वर केला, "ओके, ओके" म्हणाला आणि शिक्का मारला. शिक्का मारताना तो हसत होता, मी नीट बघितलं.

पाचव्या दिवशी, चौदा तारखेला सकाळी, मी लेकीच्या स्वयंपाकघरात तीळ भाजत होते. बाथरूममधून हाक आली, "आई!" नुसत्या हाकेवरून मला कळलं. तारखेला अजून चौदा दिवस होते. जावयाला मोजे सापडेनात, गाडीची चावी सापडेना, मी गॅस बंद करायला विसरले म्हणून परत वर पळाले. तिथे गॅस नाहीच, विजेची शेगडी आहे, ती आपोआप बंद होते. तरी पळालेच.

दुपारपर्यंत कळा जोरात सुरू झाल्या. जावई एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. लेकीने माझा हात असा धरला होता की बांगडी मनगटात रुतत होती. त्या वेळी माझ्या मनात एकच गोष्ट येत होती. जुनं तिकीट तसंच ठेवलं असतं तर आज मी हिच्यापासून अजून अकरा दिवस लांब असते. हिने इथे हाक मारली असती आणि मी लालबागला मशीन चालवत बसले असते.

दोन कळांच्या मध्ये तिने डोळे उघडले. केस घामाने कपाळाला चिकटलेले.

"आई, तू परत कधी जाणार?"

"नऊ एप्रिलला."

"नक्की?"

"नक्की. त्याच्या आधी मला इथून उठवायची कोणाची टाप नाही."

तिने एक लांब श्वास सोडला आणि हसली. "मग होऊ दे कितीही उशीर," म्हणाली.

बाळाने काही उशीर केला नाही. पाऊण तासात नात माझ्या हातात होती.